तानसा धरण वरून कसं वाचायचं: ठाणेकरांसाठी सॅटेलाइट, माहुली आणि विमानाची खिडकी

जुलै लागला की रोज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मुंबईच्या पाणीसाठ्याचा तो तक्ता पडतो. सात धरणं, सकाळी सहाची पातळी, टक्के. विहार भरून वाहायला लागला की खाली हात जोडलेले इमोजी, आणि मग कोणीतरी विचारतंच की अहो चाळीस टक्के म्हणजे नक्की किती, पाणीकपात जाणार का नाही. माझं म्हणणं असं की हे उत्तर आकड्यात शोधत बसण्यापेक्षा एकदा धरण वरून बघा, आणि त्याला आता विमानच लागतं असंही नाही, नेट आणि रविवारची मोकळी दुपार पुरते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. वरून धरण बघताना पाण्याकडे बघायचं नाही, काठाकडे बघायचं. पाणी वरून कायम भरपूरच वाटतं, निळा डाग तो निळा डाग. किती आहे, किती गेलं, कुठून आलं हे सगळं काठ सांगतो.

तानसाच का घेतलं

एक तर आपल्या ठाणे जिल्ह्यातलं, शहापूर तालुक्यातलं. दुसरं म्हणजे जुनं. १८९२ साली व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउनच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. कल्पना मेजर टुलॉकची, काम करून घेतलं डब्ल्यू. जे. बी. क्लार्क या इंजिनिअरने. राइट बंधूंचं विमान उडालं १९०३ ला, म्हणजे माणसाला विमानातून खाली बघता यायच्या अकरा वर्षं आधीपासून ही भिंत तिथे उभी आहे. दगडी बांधकाम आहे आणि लांबी पावणेतीन किलोमीटरच्या आसपास, ही लांबीच वरून ओळखायला कामाला येते. मुंबईची तहान वाढत गेली तशी तानसाची योजनाही टप्प्याटप्प्याने वाढवत नेली, १९१५, १९२५, १९४८ असे ते टप्पे. धरणाला ३८ स्वयंचलित दरवाजे आहेत, पाणी १२८.६३ मीटरला टेकलं की ते उघडायला लागतात आणि मग खालच्या गावांना सावधानतेचे मेसेज जातात.

आता जरा साइझचा अंदाज घ्या, नाहीतर वरून बघून गल्लत होते. मुंबईच्या सात धरणांचा मिळून उपयुक्त साठा, म्हणजे उचलता येणारं पाणी, १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. त्यात एकट्या भातसाचा ७,१७,०३७, म्हणजे जवळपास अर्धा. तानसा १,४५,०८०, म्हणजे साधारण दहा टक्के. आणि ज्याच्यासाठी आपण हात जोडतो ते विहार २७,६९८ आणि तुळशी ८,०४६, दोन्ही मिळून अडीच टक्के! मुंबईला रोज ३,९०० दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी दिलं जातं, तेव्हा तुळशी काठोकाठ भरलं तरी ते दोन दिवसांचं पाणी आणि तानसा भरलं तर सदतीस दिवसांचं. विहार १८६० चं, तुळशी १८७९ चं, इतिहासात त्यांचा मान मोठा आहे, त्याबद्दल वाद नाही, पण ते भरले म्हणून कपात जात नाही.

पायरी पहिली: सर्च न करता शोधा

गुगल अर्थ उघडा. कॉम्प्युटर असेल तर गुगल अर्थ प्रो टाका, फुकट आहे आणि त्यात जुन्या तारखांच्या इमेजेस आणि मोजपट्टी दोन्ही नीट चालतात. मोबाइलवर पण जमतं पण बोटाने काठ आखायचा म्हणजे वैताग.

सर्चमध्ये नुसतं तानसा टाकलंत तर गाव, अभयारण्य, पाइपलाइनजवळचा रस्ता असलं काहीही येतं, त्यापेक्षा स्वतः चालत जा. ठाण्यातून नाशिक हायवे पकडा, भिवंडी बायपास, पडघा, मग आसनगाव, आटगाव, खर्डी. हायवेच्या बरोबरीने कसाऱ्याचा लोकलचा ट्रॅक जातोय तो दिसेल. आता हायवे आणि ट्रॅक मध्यभागी ठेवून झूम आउट करा. पूर्वेला, सह्याद्रीच्या बाजूला जो मोठा पसरट तलाव दिसतो तो भातसा. पश्चिमेला आटगावच्या वायव्येला हिरव्या जंगलात बसलेला दिसतो तो तानसा. तानसाच्या उत्तरेला वैतरणा नदीवरचा लांबुळका मोडक सागर, आणि त्याच नदीवर अजून वर पूर्वेकडे गेलात तर मध्य वैतरणा. हे चारही एकाच स्क्रीनवर आले की तुम्ही बरोबर उंचीवर आहात. तानसाच्या दक्षिणेला खडबडीत, सावल्या पडलेला डोंगर दिसतो तो माहुली, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नवी मुंबईकरांनी याच पद्धतीने पनवेलहून जुना पुणे रस्ता पकडून चौकपर्यंत जायचं आणि माथेरानच्या पायथ्याशी मोरबे शोधायचं. धावरी नदीवरचं हे धरण नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं आहे, फार कमी महापालिकांकडे स्वतःच्या मालकीचं धरण असतं. शंभर टक्के भरलं की १९०.८९ दशलक्ष घनमीटर, तानसापेक्षा मोठं आहे हे बऱ्याच वाशी-नेरुळकरांना माहीत नसतं.

पायरी दुसरी: भिंत कुठली आणि शेपटं कुठली

आपल्याकडे घाटाखाली एवढाले नैसर्गिक तलाव नाहीतच म्हटलं तरी चालेल, मोठं पाणी दिसलं की ते कोणीतरी अडवलेलं असणार. ओळखायची खूण सोपी आहे. धरणाच्या तलावाला एका बाजूला सरळ कड असते आणि बाकी सगळीकडे फाटे फुटलेले असतात. सरळ कड म्हणजे भिंत. फाटे म्हणजे आधीच्या ओढ्यांची खोरी, ज्यात पाणी मागे चढलंय. फाटा निमुळता होत जातो त्या टोकाकडून पाणी येतं.

तानसाची भिंत तलावाच्या पश्चिम अंगाला सापडेल. मोजपट्टीचं टूल घ्या, भिंतीच्या एका टोकाला क्लिक, दुसऱ्या टोकाला क्लिक, मध्ये कुठे दिशा बदलली तर तिथे पण क्लिक. पावणेतीन किलोमीटरच्या जवळपास आलं तर तुम्ही भिंतच मोजलीत, फारच कमी आलं तर अर्धी भिंत झाडीत हरवली असं समजा आणि परत आखा. भिंतीच्या पाण्याकडच्या बाजूला गडद निळं-हिरवं, दुसऱ्या बाजूला झाडी आणि खडकाळ नदी. ती नदी खाली खाली पकडत गेलात की वज्रेश्वरी येतं, गरम पाण्याची कुंडं याच तानसा नदीच्या काठाला आहेत. मला नकाशावर हे जोडणं फार आवडतं, लहानपणापासून वज्रेश्वरीला गेलेले लोक असतात आणि त्यांना ती नदी कुठून येते ते ठाऊक नसतं.

पायरी तिसरी: डोंगर खड्डा दिसतोय का ते तपासा

ही पायरी लोक सोडून देतात आणि मग पुढे सगळंच उलटं वाचतात. सॅटेलाइट फोटोत बऱ्याचदा डोंगराची धार दरीसारखी दिसते आणि दरी धारेसारखी. कारण असं की आपल्या डोळ्याला उजेड वरून पडायची सवय आहे आणि फोटोत उत्तर वर असते, पण आपल्याकडे वर्षातला बराच काळ सूर्य दक्षिणेकडे असतो, त्यामुळे स्क्रीनवर उजेड खालून आल्यासारखा होतो आणि मेंदू फसतो. हिवाळ्यातल्या इमेजमध्ये सावल्या लांब असतात तेव्हा तर माहुलीचे सुळके चक्क विहिरीसारखे दिसतात.

उपाय एकच, फोटो फिरवा. गुगल अर्थमध्ये होकायंत्राची रिंग पकडून दक्षिण वर आणा, सगळं एकदम सुलटं होतं. आणि पाणी कुठे आहे ते आधी पक्कं करा, पाणी नेहमी सखल जागीच असणार, तेवढ्यावरून बाकीचं जुळवता येतं.

पायरी चौथी: मे आणि ऑक्टोबर शेजारी ठेवा

आता खरी मजा. गुगल अर्थमधल्या इमेजेस सुंदर असतात पण हव्या त्या तारखेच्या मिळत नाहीत. तारीख महत्त्वाची असेल तर कोपर्निकस ब्राउझर ही वेबसाइट वापरायची. युरोपियन लोकांचे सेंटिनेल-२ नावाचे उपग्रह आहेत, पहिला २०१५ ला गेला, दुसरा २०१७ ला, ते दर पाच दिवसांनी आपल्या डोक्यावरून जातात आणि फोटो सगळ्यांना फुकट. ईमेलने अकाउंट काढलं की झालं. वेळ साधारण सकाळी अकराची असते. एक पिक्सेल दहा मीटरचा, म्हणजे माणूस, गाडी, घर असलं काही दिसणार नाही, भिंतसुद्धा तुटक बारीक रेघच दिसते, पण तलावाचा काठ मस्त दिसतो आणि आपल्याला तोच हवाय.

तानसावर या, तारखेच्या चौकटीत जा, ढगांची मर्यादा वीस टक्क्यांच्या आत ठेवा. मेच्या शेवटच्या आठवड्यातली एक स्वच्छ तारीख निवडा. मग ऑक्टोबरच्या मध्यातली. दोन्ही पिन करा आणि कंपेअरमध्ये टाकून मधला पडदा डावीकडे-उजवीकडे सरकवा.

ऑक्टोबरमध्ये झाडी थेट पाण्याला टेकलेली असते, हिरवं संपलं की लगेच गडद पाणी, मध्ये काहीच नाही. मेमध्ये त्या दोघांच्या मध्ये एक फिकट पट्टा उघडा पडतो, पिवळट, राखाडी, कुठे मातकट. हा पट्टा सगळीकडे सारख्या रुंदीचा नसतो. भिंतीजवळ आणि उभ्या डोंगराच्या बाजूला तो जेमतेम दोन-तीन पिक्सेल असतो कारण तिथे उतार तीव्र, पाणी पाच मीटर खाली गेलं तरी काठ मागे सरकत नाही. फाट्यांच्या टोकाला मात्र अख्खा फाटाच उघडा पडतो, जमीन सपाट असल्यामुळे तेवढ्याच पाच मीटरमध्ये पाणी कुठल्या कुठे मागे जातं, आणि मधोमध मूळ ओढ्याची बारीक वळणदार रेघ दिसायला लागते. म्हणजे पट्ट्याच्या रुंदीवरून पाण्याखालच्या जमिनीचा उतार कळतो. पट्टा जिथे रुंद, तिथे तलाव उथळ. पाणीसाठ्याच्या बातमीसोबत रिपोर्टर लोक हमखास उथळ फाट्यावर उभे राहून भेगा पडलेल्या जमिनीचा फोटो काढतात, तो खोटा नसतो पण तो धरणाचा सगळ्यात आधी सुकणारा कोपरा असतो.

दुसऱ्या धरणांवर हेच करून बघाल तेव्हा त्या फिकट पट्ट्यात कधी कधी हिरव्या पट्ट्या दिसतील, ती गाळपेर. पाणी उतरलं की गाळाच्या जमिनीवर घेतलेलं पीक. त्याला काठ समजू नका.

नुसत्या डोळ्याने पाणी आणि ओली जमीन वेगळी काढता येत नसेल तर लेयर बदला. फॉल्स कलर लावला की झाडं लाल होतात आणि पाणी काळं, काठ एकदम कडक उमटतो. एनडीडब्ल्यूआय हा पाणी ओळखायचा लेयर लावलात तर पाणी निळं आणि जमीन हिरवट. यात एक फसगत आहे ती सांगतो, जलपर्णी. कल्याणकडे उल्हास नदीवर ती पसरते तेव्हा फॉल्स कलरमध्ये नदी लाल दिसते आणि एनडीडब्ल्यूआयला ती जमीनच वाटते. नदी गायब झालेली नसते, झाकलेली असते.

पायरी पाचवी: आता ते टक्के काढा

कोपर्निकसमध्ये एरियाचं टूल आहे, त्याने काठावरून तलाव आखून घ्या. मेचं क्षेत्रफळ आणि ऑक्टोबरचं क्षेत्रफळ. आता ग्रुपवरचा तो तक्ता शोधा, त्याच दोन तारखांचा (म्हणून म्हणतो, तक्ते डिलीट करू नका), आणि दोन पातळ्यांमधला फरक काढा. हिशोब एवढाच की एक चौरस किलोमीटरवर एक मीटर पाणी म्हणजे १,००० दशलक्ष लिटर. दोन क्षेत्रफळांची सरासरी काढायची, तिला पातळीच्या फरकाने गुणायचं.

समजा, आकडे नुसते उदाहरणाला घेतलेत, मेमध्ये ८ चौरस किलोमीटर भरलं, ऑक्टोबरला १६, पातळीत फरक ६ मीटर. सरासरी १२, गुणिले ६, म्हणजे ७२,००० दशलक्ष लिटर पावसाळ्यात जमा झालं. हे तुम्ही तक्त्यातल्या साठ्याच्या फरकाशी ताडून बघा. अगदी जुळणार नाही कारण काठ सरळ उताराचा नसतो आणि तुमचं आखणंही थोडं इकडेतिकडे होणार, पण आसपास आलं तर एकदम भारी वाटतं.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. तक्त्यातली पातळी टाउन हॉल डेटम नावाच्या मुंबईच्या वेगळ्या शून्यापासून मोजलेली असते, समुद्रसपाटीपासून नाही. त्यामुळे गुगल अर्थवर तलावावर कर्सर नेला की जी उंची येते ती १२८.६३ शी जुळत नाही. कोणाचंच चुकलेलं नाही, दोघांचा शून्य वेगळा आहे. आपण फरक वापरतोय म्हणून आपल्याला काही अडत नाही.

दुसरी जास्त महत्त्वाची. टक्केवारी असते ती उपयुक्त साठ्याची. पाणी उचलायच्या सगळ्यात खालच्या पातळीच्या वरचं जेवढं, तेवढंच मोजतात, त्याखालचं मृत साठ्यात जातं. त्यामुळे जूनमध्ये बातमीत पाच टक्के आणि फोटोत भलामोठा निळा तलाव असं दिसलं की लगेच "बघा सरकार लपवतंय" म्हणून फॉरवर्ड करू नका. पाच टक्के असताना पण तलाव दिसतोच. हीच ती काठाची गोष्ट, निळा डाग बघून काही कळत नाही, तो भरल्या काठापासून किती मागे सरकलाय ते बघायचं.

पावसाळ्यात काय करायचं

जून ते सप्टेंबर सेंटिनेल-२ वर ढगच ढग, नेमकं जेव्हा बघायची उत्सुकता असते तेव्हाच. तेव्हा सेंटिनेल-१ लावायचा. तो रडार आहे, ढगांतून आरपार बघतो, रात्री पण चालतो. फोटो काळा-पांढरा आणि पहिल्यांदा बघताना कसातरीच वाटतो, टीव्हीला मुंग्या आल्यासारखा. शांत पाणी त्यात काळंभोर दिसतं कारण गुळगुळीत पाण्यावरून रडारचा किरण पलीकडे निसटून जातो, परत येत नाही. जोराचा वारा असेल तर लाटांमुळे पाणी उजळ होतं, मग त्या तारखेचा नाद सोडा आणि पुढची घ्या. आणि उंच डोंगराच्या मागची बाजू पण काळी येते, ती रडारची सावली, माहुलीच्या पाठीमागे अचानक तलाव उगवला असं वाटलं तर तो तलाव नाही.

मोठा पाऊस पडून गेल्यावर एखादा दिवस ढग फाटले आणि नेमकी सेंटिनेल-२ ची फेरी असली तर पाण्याचा रंग बघून घ्या. फाट्यांच्या टोकाकडून चहासारखं गढूळ पाणी आत घुसताना दिसतं आणि भिंतीकडे जाता जाता निवळत जातं. गाळ कुठे बसतोय ते असं थेट बघायला मिळतं.

धरण जन्माला येताना बघायचं असेल तर

तानसाचं आधीचं रूप वरून बघायची सोय नाही, ते विमानाच्याही आधीचं. पण शेजारी मध्य वैतरणा आहे, १०२ मीटर उंच, २०१४ मध्ये सुरू झालेलं. गुगल अर्थचं टाइमलॅप्स उघडा, ते १९८४ पासूनचं आहे, मध्य वैतरणेवर या आणि २००८ च्या आसपासपासून हळूहळू पुढे न्या. आधी नुसती नागमोडी दरी, मग एका चिंचोळ्या जागी खरवडल्यासारखा पांढरट डाग, मग एक वर्ष असं येतं की दरीच्या प्रत्येक फाट्यात पाणी शिरलेलं. हे एकदा बघितलं की जुन्या तानसाचे फाटे पण समजतात, तिथेही हेच झालंय, फक्त बघायला वर कोणी नव्हतं.

टाइमलॅप्स चालू आहेच तर जाता जाता घोडबंदर रोड पण बघा. त्यावर मी काही बोलत नाही.

पाइप पकडून घरी या

वरून बघायची अजून एक चांगली गोष्ट म्हणजे तानसाची जलवाहिनी. भिंतीपासून निघून ती भिवंडीच्या बाजूने खाली येते, कशेळीला खाडी ओलांडते, बाळकुमकडून ठाण्यात शिरते आणि मुलुंडकडे जाते. झूम करून बघाल तर एकमेकांना चिकटून जाणाऱ्या फिकट समांतर रेघा आणि बाजूने देखभालीचा रस्ता, रस्त्यापेक्षा फार सरळ आणि गावांना न जुमानता गेलेली. जिथे रेघ गायब होते तिथे पाइप जमिनीखाली किंवा बोगद्यात गेलेला असतो, थोडं पुढे सरळ रेषेत शोधलं तर बहुतेक वेळा परत सापडतो. कशेळीच्या पुलावरून रोज जाणाऱ्या माणसाला ते पाइप माहीत असतात, पण त्यांचं दुसरं टोक माहुलीच्या पलीकडे आहे हे वरूनच उमगतं.

भातसाचं वेगळं आहे. तिथून मुख्यतः नदीतच पाणी सोडतात आणि खाली पिसेच्या बंधाऱ्यापाशी उचलतात, पुढे पांजरापूरला शुद्धीकरण. म्हणून भातसापासून पाइप शोधत बसू नका, नदी धरून चला.

पायाने वर जायचं असेल तर माहुली

स्क्रीनचा कंटाळा आला की आसनगावला उतरायचं. माहुली हा ठाणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला, ८५० मीटरच्या थोडा वर, तानसा अभयारण्यातच येतो. वरून उत्तरेला बघितलं की तानसाचं पाणी पसरलेलं दिसतं. जुलै-ऑगस्टमध्ये धबधब्यासाठी तुफान गर्दी असते आणि वर धुकं, तलाव बिलाव काही दिसत नाही, उगाच ओले होऊन येता. ऑक्टोबरची अखेर ते डिसेंबर जा, हवा धुतलेली असते आणि तलाव भरलेला. सकाळी लवकर चढा, उन्हात ती चढण जीव काढते, पाणी भरपूर घ्या, शिडीजवळ घाई करू नका, आणि वनखात्याच्या चौकीवर जी काय फी असेल ती भरून रीतसर जा. घरी बघितलेली इमेज फोनमध्ये सेव्ह करून नेलीत तर वरून एकेक फाटा ओळखता येतो. मोरबेसाठी तसाच इर्शाळगड आहे, पण तिथे २०२३ ची दरड दुर्घटना झालेली आहे, प्रशासनाच्या सूचना बघूनच ठरवा आणि पावसाळ्यात तर नकोच.

ड्रोनबद्दल सगळेच विचारतात म्हणून थोडक्यात. नको. अडीचशे ग्रॅमच्या आतल्या नॅनो ड्रोनला ड्रोन नियम २०२१ मध्ये लायसन्सची सूट आहे खरी, पण ती सूट पायलटच्या लायसन्सची, कुठेही उडवायची नाही. तानसा अभयारण्य आहे, धरण संरक्षित जागा आहे, आणि शहर भागात पोलिसांचे बंदी आदेश अधूनमधून निघत असतात. दहा मिनिटांच्या व्हिडिओसाठी ड्रोन जप्त करून घेण्यात काय अर्थ आहे, तेही फुकट सॅटेलाइट असताना.

आणि शेवटी खिडकी

विमानातून बघायचं तर सीट घेतानाच विचार करा. मुंबईला विमानं बऱ्याचदा पूर्वेकडून येतात, ठाणे खाडी ओलांडून पश्चिमेकडे तोंड करून उतरतात. म्हणजे उजवी खिडकी उत्तरेला, डावी दक्षिणेला. उजवीकडे बसलात तर कल्याण, उल्हास नदी, हवा स्वच्छ असेल तर लांबवर भातसाची बाजू. डावीकडे बसलात तर माथेरान आणि मोरबेची बाजू. दिल्ली किंवा उत्तरेकडून येणारी विमानं खाली उतरता उतरता शहापूरच्या आसपासून गेली तर तानसा-वैतरणा दिसायची शक्यता जास्त, पण हे त्या दिवसाच्या वाऱ्यावर आणि गर्दीवर ठरतं, घिरट्या घालायला लावल्या तर काय विचारता, वैताग सगळ्यांना आणि चंगळ आपली. नवी मुंबई विमानतळावर उतरताना पण उजवी-डावीचा हिशोब असाच, आधी फ्लाइट ट्रॅकिंगच्या ॲपवर त्याच नंबरच्या विमानाचे मागच्या काही दिवसांचे मार्ग बघून घ्या, अंदाज येतो.

सीट पंखाच्या पुढची किंवा बरीच मागची, पंखाच्या लगेच मागे बसलात तर इंजिनच्या गरम हवेने खालचं सगळं थरथरतं. फोन काचेला जवळजवळ टेकवा, फ्लॅश बंद, आतला दिवा बंद. पोलराइज्ड गॉगल काढून ठेवा, खिडकीच्या प्लास्टिकमधून त्याने इंद्रधनुष्यी डाग दिसतात. तलावावर ऊन चमकून पांढरं फटक झालं तर थांबा, काही सेकंदात कोन बदलतो आणि काठ परत दिसतो. आणि वर सांगितलं तेच, आधी भिंत शोधा, मग फिकट पट्टा. एप्रिल-मेमध्ये तो पट्टा एवढा ठळक असतो की आठ-दहा किलोमीटर उंचीवरून पण दिसतो.

फोटोच्या नियमाबद्दल. नेहमीच्या प्रवासी विमानात प्रवाशांनी खिडकीतून फोटो काढायला हरकत नसते, पण पुण्यासारख्या हवाई दलाच्या विमानतळावर टेकऑफ, लँडिंग आणि जमिनीवर असताना बंदी आहे. क्रू सांगेल ते ऐका, शेड खाली म्हटलं की खाली.

निघायच्या आदल्या रात्री गुगल अर्थमध्ये तानसा, भातसा, मोडक सागर, मध्य वैतरणा, बारवी, मोरबे असे सहा पिन टाकून त्या भागाचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, वर नेट नसतं. फोन एअरप्लेन मोडवर असला तरी जीपीएस बऱ्याच वेळा खिडकीजवळ चालतं, ऑफलाइन नकाशा डाउनलोड केलेला असेल तर निळा ठिपका कसाऱ्याच्या आसपास आला की फोन खाली ठेवून खिडकीत डोकं घाला.